न फिटलेले देणे

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या धर्मग्रामांतून एक प्रथा चांगलीच रुजली आहे. साधनेचा मेळावा असो की युवकांचे शिबिर, दुपारच्या सत्रात कुणीतरी पाहुणा बोलावला जातो आणि तो आपली 'साक्ष' देतो. त्यांतही सर्वाधिक गर्दी खेचणारी साक्ष म्हणजे पूर्वाश्रमीच्या एखाद्या गुंडाची. एरवी मंडपात पेंगणारे श्रोते सावरून बसतात. वक्ता सांगतो, मी अमक्या टोळीत होतो, माझ्या कमरेला सदैव सुरा असे, नाक्यावरचे दुकानदार मला टरकून असत. मग अटक, मग तुरुंग, मग कुणीतरी हाती ठेवलेले शुभवर्तमान, मग अश्रू आणि शेवटी हे नवे जीवन. टाळ्या पडतात, गिटारवर स्तुतिगीत सुरू होते आणि चहा येतो.

या साक्षींची मी थट्टा करीत नाही. त्यांतील कित्येक खऱ्या असतात. प्रभूची कृपा कोणत्या कोठडीत उतरेल हे ठरवणारे आपण कोण? परंतु मागच्या रांगेत बसून त्या ऐकताना मला दर वेळी एक माणूस हरवल्यासारखा वाटतो. तो सुरा ज्याच्या पोटात गेला तो माणूस कोठे आहे? कथेच्या पूर्वार्धात त्याची गरज असते, कारण त्याच्यावाचून गुन्हा घडत नाही. उत्तरार्धात तो नाहीसा होतो. चोराचे तारण होते, श्रोत्यांना भरून येते आणि ज्याचे चोरीला गेले तो मंडपाबाहेर उन्हात उभा राहतो.

हे माझे मत थोडे रुक्ष वाटेल. पण शुभवर्तमानही या बाबतीत वाटते तितके हळवे नाही. प्रभूच्या उजव्या हाताला क्रूसावर टांगलेल्या चोराची कथा आपण पवित्र शुक्रवारी ऐकतो. त्याला मिळालेले सुखलोकाचे अभिवचन आपल्या सर्वांच्या ध्यानात असते. त्यापूर्वी तो आपल्या सोबत्याला काय सुनावतो, ते मात्र आपण घाईघाईने ओलांडून जातो. आपल्याला झालेली शिक्षा आपल्या कृत्यांना साजेशीच आहे, असे तो बजावतो. आधी त्याने आपला हिशेब मान्य केला आणि मगच प्रभूकडे आठवण ठेवण्याची याचना केली. हा पश्चात्तापी चोर केवळ लूकच्या शुभवर्तमानात भेटतो. यरिहोच्या वाटेवर लुटला गेलेला, अर्धमेला होऊन पडलेला प्रवासीदेखील केवळ लूकच्याच शुभवर्तमानात भेटतो. त्या दाखल्यात लुटारू मारहाण करून निघून जातात आणि पुन्हा दिसत नाहीत. क्रूसाच्या प्रसंगात चोर आहे, पण ज्यांना त्याने लुटले ते कुठेच नाहीत. एकाच लेखकाने एकीकडे लुटलेला माणूस दाखवला आणि दुसरीकडे लुटणारा. या दोघांची गाठ घालून देण्याचे काम त्याने बहुधा आपल्यावर सोपवले असावे. बायबलचे अभ्यासक हे मान्य करतील की नाही, कोण जाणे. पण तुरुंगात जाऊ लागल्यापासून माझ्या मनाने ते घेतले आहे.

जाक फेश हे नाव मी प्रथम वाचले ते पुण्याला सेमिनरीत, ईशज्ञानाच्या अभ्यासाच्या वर्षांत. ग्रंथालयातील एका जुन्या नियतकालिकात त्याच्यावर दोन-तीन पानांचा मजकूर होता. तो वाचून मी इतका भारावून गेलो होतो की सायंकाळची घंटा झालेली मला कळली नाही. त्याच्याविषयीचे माझे प्रेम आजही उणावलेले नाही. पण त्याची कथा मी आता निराळ्या टोकाकडून वाचतो.

फेश हा गटारीच्या कडेला वाढलेला अनाथ पोर नव्हता. त्याचा जन्म ६ एप्रिल १९३० रोजी पॅरिसजवळच्या एका सुखवस्तू गावी झाला. वडील बँकेच्या व्यवसायातले, संगीताचे शौकीन आणि पक्के नास्तिक. मुलाला कॅथलिक शिक्षण मिळाले, पण सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याने धर्म सोडून दिला. कोणत्याच कामात त्याचे मन रमेना. १९५१ मध्ये त्याने नोंदणी पद्धतीने विवाह केला, एक मुलगी झाली, मग तो संसारही विस्कटला. दुसऱ्या एका स्त्रीपासून त्याला आणखी एक मूल होणार होते. आणि या गृहस्थाला स्वप्न कसले पडावे, तर एक शिडाची होडी घेऊन दक्षिणेकडच्या समुद्रात निघून जाण्याचे! समुद्रकाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना होडीचे वेड समजू शकते. पण होडीला पैसे लागतात, आणि आईवडिलांनी ते देण्यास नकार दिला.

फेब्रुवारी १९५४ मध्ये पॅरिसच्या व्हिव्हिएन नावाच्या रस्त्यावर सिल्बरस्टाइन नामक सराफाच्या पेढीत तो शिरला. सोन्याची नाणी विकत घेण्याचा त्याने बहाणा केला होता. पिस्तुलाच्या मुठीने त्याने सराफाच्या डोक्यावर प्रहार केला, हाती लागले ते उचलले आणि पळ काढला. लोक मागे लागले. धावताना त्याचा चष्मा पडला. त्याची नजर मुळातच अधू. एका पोलिसाने त्याला थांबण्यास सांगितले तेव्हा त्याने गोळी झाडली. तो पोलीस जागीच कोसळला.

त्याचे नाव झां वेर्न्य. वय पस्तीस. तो विधुर होता आणि त्याला एक लहान मुलगी होती. त्या घरात आई आधीच नव्हती. त्या दिवसापासून बापही राहिला नाही. सेमिनरीत वाचलेल्या त्या मजकुरात या पोलिसाला एक ओळ मिळाली होती आणि फेशला तीन पाने.

फेशला ज्या तुरुंगात ठेवले त्याचे नाव 'ला सांते'. या फ्रेंच शब्दाचा अर्थ आरोग्य. तेथे त्याला एकांत कोठडी मिळाली. तुरुंगाचे धर्मगुरू भेटीला आले तेव्हा, आपल्याला श्रद्धा नाही, उगाच श्रम घेऊ नयेत, असे त्याने त्यांना सांगून टाकले. त्याचे वकील पॉल बोदे हे अत्यंत श्रद्धाळू कॅथलिक. ते अशिलाची मान वाचवण्यासाठी झटत होते आणि त्याच वेळी त्याच्या आत्म्याचीही त्यांना चिंता होती. फेशला प्रारंभी या दुहेरी वकिलीचे हसू येई. कुटुंबाच्या ओळखीचा थॉमस नावाचा एक तरुण बेनेडिक्टाइन ब्रदर त्याला पत्रे लिहीत असे. वर्षभर हे असेच चालले. आणि १९५५ च्या आरंभी एका रात्री, वेदनेच्या भरात त्याच्या तोंडून देवाला हाक गेली. त्यानंतर जे घडले ते क्षणात घडले, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे.

ती हाक मला आता या कथेचा कळस वाटत नाही. मला मोलाची वाटतात ती पुढची अडीच वर्षे. त्याने आपल्या कोठडीतील दिवसाला मठातील दिवसासारखे वळण लावले, वाचन आणि प्रार्थना नेमाने चालवली, सासूबाईंना आणि ब्रदर थॉमसना पत्रे लिहिली. त्या पत्रांत सगळा प्रकाशच आहे असे नाही. कोरडे दिवस आहेत, चिडचिड आहे, आपल्यावर अन्याय होतो आहे ही भावनाही अधूनमधून डोके वर काढते. एप्रिल १९५७ मध्ये खटला उभा राहिला आणि ६ एप्रिलला, त्याच्या सत्ताविसाव्या वाढदिवशीच, त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. राष्ट्राध्यक्ष रने कोती यांनी दयेचा अर्ज फेटाळला. अखेरचे दोन महिने त्याने मुलीसाठी रोजनिशी लिहिली. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याचा विवाह ख्रिस्तसभेच्या विधीप्रमाणे नियमित करण्यात आला. वधू तुरुंगाबाहेर, वर कोठडीत. १ ऑक्टोबर १९५७ रोजी पहाटे गिलोटिनचे पाते पडले. संत तेरेजा ही त्याची लाडकी संत. तिचा सण त्या काळी ३ ऑक्टोबरला येई. आता तो १ ऑक्टोबरला साजरा होतो. हीच तेरेजा बालवयात, १८८७ मध्ये, प्रांझिनी नावाच्या खुन्यासाठी प्रार्थना करीत असे आणि वधस्तंभाजवळ त्याने क्रूसाचे चुंबन घेतल्याचे वाचून तिला हर्ष झाला होता. अशा योगायोगांवर आपण कॅथलिक मंडळी फार लुब्ध होतो. मीही होतो.

पुढे १९८७ मध्ये पॅरिसचे कार्डिनल ल्युस्तिजे यांनी फेशच्या जीवनाची चौकशी आरंभली आणि १९९३ मध्ये धन्यवादित पदाची प्रक्रिया रीतसर सुरू झाली. फ्रान्समध्ये वादळ उठले. ज्याने आमच्या माणसाला मारले त्याला वेदीवर बसवणार काय, असा पोलिसांचा सवाल होता. त्या सवालाला 'श्रद्धेचा अभाव' म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. मात्र हेही लक्षात घेतले पाहिजे की ल्युस्तिजे यांची स्वतःची आई ज्यू म्हणून आउश्वित्झच्या छावणीत मारली गेली होती. मारला गेलेला माणूस म्हणजे काय आणि त्याच्यामागे उरलेले मूल म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. तरीही त्यांनी ती कागदपत्रे उघडली. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हृदयात कशा नांदल्या असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

या कथेला अलीकडे एक नवे प्रकरण जोडले गेले. त्या दुसऱ्या स्त्रीपासून झालेला फेशचा मुलगा बाप तुरुंगात असताना जन्मला आणि परक्यांकडे वाढला. आपला बाप कोण, हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळले. फ्रान्समध्ये मृत्युदंड १९८१ मध्येच रद्द झाला आहे. २०२० च्या एका कायद्याने, देहदंड झालेल्यांच्या वारसांना त्यांचा सन्मान पुनःस्थापित करण्याची मागणी न्यायालयाकडे करता येऊ लागली. या मुलाने तसा अर्ज केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नामंजूर केला. मुलाच्या दुःखाविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. तरीही न्यायालयाच्या निकालाने मला धक्का बसला नाही. न्यायालयाची वही आणि देवाची वही एक नव्हे. फेशने स्वतः पहिल्या वहीतील नोंद खोडून मागितली असती, असे त्याची अखेरची पाने वाचून तरी वाटत नाही.

फेशच्या तुलनेत आपल्या घराघरांत अधिक परिचित असलेला कैदी म्हणजे आलेस्सांद्रो सेरेनेल्ली, संत मरिया गोरेट्टीचा मारेकरी. मरियेचे चित्र आपल्या कितीतरी घरांतल्या देव्हाऱ्यात असते. १९०२ मध्ये त्याने अकरा वर्षांच्या त्या मुलीवर वार केले. पहिली काही वर्षे तो तुरुंगात दगडासारखा राहिला. मग मरिया त्याला स्वप्नात दिसली, ती लिलीची फुले देत होती. सत्तावीस वर्षांनी, १९२९ मध्ये, त्याची सुटका झाली. आपण प्रवचनात येथपर्यंत सांगतो आणि थांबतो. मला पुढचा भाग सांगावासा वाटतो. सुटल्यानंतर काही वर्षांनी हा माणूस मरियेची आई असुंता हिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने त्याला क्षमा केली आणि दोघांनी एकाच वेदीपाशी ख्रिस्तप्रसाद घेतला. फुले स्वप्नात मिळाली होती. दार मात्र जागेपणी ठोठवावे लागले. कुणाच्याही श्रद्धेची परीक्षा त्या दाराच्या उंबऱ्यावर होते, अशी माझी धारणा आहे. फेशला त्या उंबऱ्यापर्यंत पोहोचता आले नाही. त्याला तेवढे आयुष्यच मिळाले नाही. देहांत शिक्षेविरुद्धचे अनेक युक्तिवाद मी सेमिनरीत शिकलो आहे. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथात दुरुस्ती करून ही शिक्षा अग्राह्य ठरवली. पण मला पटलेला सर्वांत साधा युक्तिवाद हाच आहे: मेलेल्या माणसाला कुणाच्या दारात जाता येत नाही.

आता थोडे आपल्याकडचे. केरळात १९८१ मध्ये काही सेमिनरियनांनी तुरुंगभेटींचे जे कार्य आरंभले, त्यातून 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' ही चळवळ उभी राहिली. आउश्वित्झमध्ये दुसऱ्याच्या जागी मरण पत्करणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे तिचे आश्रयदाते. त्यांच्या सणाच्या सुमारास, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, या कार्यासाठी आपल्या चर्चमधून प्रार्थना होते. त्या दिवशी कैद्यांसाठी प्रार्थना करताना आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शिक्षा झालेले गुन्हेगार येत असतील. वास्तव निराळे आहे. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा होता. 'तारीख' हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा शब्द. कुणाची तारीख लागली, कुणाची पुढे गेली, कुणाला गाडी नव्हती म्हणून कोर्टात नेलेच नाही. अशा माणसापुढे सार्वकालिक जीवनाविषयी बोलताना धर्मगुरूने जरा जपून बोलावे.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह एका जुन्या किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधावयास घेतला आणि थोड्याच वर्षांत तो मराठ्यांच्या हाती गेला. कित्येक वर्षे मी स्वयंसेवक भगिनी-बंधूंसह तेथे जात आलो आहे. फाटकावर मोबाइल जमा करायचा, वहीत सही करायची, पिशवी उघडून दाखवायची. मिस्सासाठी नेलेल्या द्राक्षारसाच्या इवल्या बाटलीकडे नवा शिपाई संशयाने पाहतो आणि जुना शिपाई त्याला समजावतो. जपमाळ न्यायची ती साध्या दोऱ्यात ओवलेली. तारेची चालत नाही.

अशाच एका नाताळच्या मिस्सात तो मला प्रथम दिसला. दिसला म्हणण्यापेक्षा दिसेनासा होण्याचा प्रयत्न करताना आढळला. खांबाआड बसला होता आणि माझी नजर वळली की मान खाली घालीत होता. नंतर उलगडा झाला. तो आमच्याच धर्मग्रामातील. आमच्याच नोंदवहीत त्याचा स्नानसंस्कार नोंदलेला. माझ्या आधीच्या धर्मगुरूंच्या काळात तो वेदीसेवक होता. बाप लवकर गेला. आई पहाटेच्या लोकलने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला जाई आणि घर दिवसभर मोकळे असे. नववीत शाळा सुटली. स्टेशनातल्या पोरांची संगत लागली. रुळांलगतच्या खांबाआड उभे राहून लोकलच्या दारातील प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारायचा आणि खाली पडलेला मोबाइल घेऊन पसार व्हायचे, येथून प्रारंभ झाला. पुढे मोटारसायकल आली आणि बायकांच्या गळ्यातील साखळ्या ओढणे आले.

त्याने मला जे सांगितले त्यातील फारच थोडे मी येथे लिहीत आहे. प्रायश्चित्त संस्कारातले अर्थातच काहीच नाही. जे लिहितो ते त्याच्या संमतीने.

पहिल्या वर्षी त्याची प्रार्थना एकच होती: जामीन मिळो. या प्रार्थनेला मी नावे ठेवणार नाही. त्याच्या जागी असतो तर मीही तीच केली असती. तो गीते म्हणू लागला, नवा करार वाचू लागला, इतर दोघांना आमच्या भेटीच्या दिवशी ओढून आणू लागला. आमच्या स्वयंसेवकांना वाटले, झाले, मुलगा सुधारला. मी वाट पाहत होतो. कशाची, ते तेव्हा मला नेमके सांगता आले नसते.

पुढच्या उपवासकाळात आम्ही बराकीसमोरच्या मोकळ्या जागेत क्रूसाची वाट केली. भिंतीला चित्रे लावण्याची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक स्थानी एक कैदी लाकडी क्रूस धरून उभा राही. तिसऱ्या स्थानी क्रूस त्याच्या हाती होता. प्रभू येशू पहिल्यांदा पडतो ते हे स्थान. प्रार्थना झाली, आम्ही गुडघे टेकून उठलो, पुढच्या स्थानाकडे वळलो. हा तेथेच बसून राहिला. क्रूस पुढच्या माणसाला कुणीतरी त्याच्या हातून काढून नेऊन दिला.

नंतर तो म्हणाला, "फादर, ती आजी पडली तेव्हा मी आवाज ऐकला होता. गाडी चालू होती, मी मागं बसलो होतो, तरी ऐकला होता."

कुठली आजी, हे मला खटल्याच्या कागदांवरून ठाऊक होते. पहाटे देवळात निघालेली साठीपुढची बाई. मंगळसूत्र ओढताना ती फरफटली आणि पडली. तिचे खुब्याचे हाड मोडले. आरोपपत्रात ते वैद्यकीय भाषेत लिहिले होते. दीड वर्ष तो आवाज त्याच्यात कोठेतरी पडून होता, आणि क्रूसाच्या तिसऱ्या स्थानी तो वर आला. त्या दिवसापासून जामिनाचा विषय त्याच्या बोलण्यात मागे पडला. दर भेटीला तो मला एकच प्रश्न विचारू लागला: ती चालते का?

या मुलाला श्रद्धा केव्हा गवसली असे मला कुणी विचारले तर मी त्या प्रश्नाकडे बोट दाखवीन. गीतांकडे नव्हे, नव्या कराराच्या दुमडलेल्या पानांकडेही नव्हे.

सगळी मिळून साडेचार वर्षे त्याने आत काढली. कारागृहाच्या सुतारशाळेत हात बसला होता. आता तो एका फर्निचरवाल्याकडे रोजावर जातो. रविवारी सकाळच्या मिस्सेला येतो आणि स्नानसंस्काराच्या कुंडाजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो. प्रारंभी त्या बाकावरच्या बायका पर्स मांडीवर घेत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यापैकी एकीचा मोबाइल लोकलमध्ये असाच गेला होता. त्याची आई मात्र पहिल्या बाकावर बसते आणि मागे वळून पाहत नाही. मी एकदा तिला विचारले तर म्हणाली, "मागं बघितलं तर तो नसंल अशी भीती वाटते, फादर."

गेल्या वर्षी आमच्या युवक मंडळाने शिबिरासाठी त्याला साक्ष द्यायला बोलावले. मुलांचा उत्साह दांडगा. पत्रकाचा मजकूरही तयार होता. त्याने नकार दिला. मंडळाचा प्रमुख माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी त्याला बोलावून विचारले तेव्हा तो बराच वेळ हातावरच्या पॉलिशचा डाग खरवडत राहिला. मग म्हणाला, "माझी गोष्ट सांगायची तर आजीचीही सांगावी लागणार. तिची परवानगी नाही घेतलेली."

माझ्या तीस वर्षांच्या धर्मसेवेत पश्चात्तापाविषयी इतके नेमके वाक्य मी ऐकलेले नाही, आणि ते नववी नापास मुलाचे होते.

त्यानंतर मी त्या आजींकडे गेलो. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आमच्या एका धर्मग्रामस्थाकरवी आधी विचारून घेतले होते. चाळीतली तळमजल्याची खोली, दारापाशी वॉकर. त्यांनी बसायला सांगितले, नातीकरवी चहा दिला आणि माझे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मंगळसूत्राचा तुकडा कोर्टाकडून परत मिळाला होता, म्हणाल्या. सूनबाईने तो मोडून दुसरे काही केले. "पण पाय कोण परत देणार?" मी काही बोललो नाही. या प्रश्नाला उत्तर देऊ पाहणाऱ्या धर्मगुरूने तुरुंगसेवेत पडू नये.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तो तुमच्यातलाच ना?"

"हो. आमच्यातलाच."

"मग तुम्हीच सांभाळा त्याला. मला त्याचं तोंड बघायचं नाही. शाप पण देत नाही आता. तो पैसे देणार म्हणता, ते नकोत. माझा मुलगा चिडेल आणि घरात भांडण होईल."

हे सर्व मी जसेच्या तसे त्याला सांगितले. क्षमेचा एकही शब्द त्यात नव्हता आणि मी तो जोडला नाही. त्याने ऐकून घेतले.

"चालते का?"

"वॉकर घेऊन चालतात. घरातल्या घरात."

त्याने मान हलवली आणि तो कामावर गेला. मला वाटले, आता तो बचत बंद करील. पोस्टात त्याने याच कारणासाठी खाते उघडले होते; पगार झाला की थोडे पैसे भरायचे आणि पासबुक माझ्याकडे ठेवायला द्यायचे, घरी आई पाहील म्हणून. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला तो दारात उभा राहिला. मी म्हणालो, "त्यांनी नको म्हटलं आहे रे." तो म्हणाला, "त्यांना नको आहेत, फादर. मला द्यायचे आहेत."

पासबुक माझ्या कपाटात स्नानसंस्काराच्या नोंदवहीशेजारी आहे. गेल्या महिन्यात त्यात पाचशे रुपये जमा झाले.